मुक्या डब्ल्यूचं घराणं

इंग्रजीत 'राइट' हा एकच उच्चार करून आपण चार वेगवेगळे शब्द बोलतो. बरोबर किंवा उजवा, तो आर-आय-जी-एच-टी. लिहिणं, तो डब्ल्यू-आर-आय-टी-ई. धार्मिक विधी, तो आर-आय-टी-ई. आणि चौथा डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी, म्हणजे कारागीर. हा चौथा आता एकटा फारसा भेटत नाही, आडनावांत आणि जोडशब्दांत राहतो. शाळेत ही चौकडी पाठ करून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. तिच्यात दोन ठिकाणी डब्ल्यू आहे आणि दोन ठिकाणी नाही, असं का, हे विचारलं तर 'इंग्रजी आहे ती अशीच' एवढंच उत्तर मिळतं. हे उत्तर आळशीपणाचं आहे.

हजार वर्षांपूर्वी हे शब्द एकमेकांसारखे ऐकूच येत नव्हते. पहिला होता 'रिख्त'; त्यातला ख म्हणजे ह आणि ख यांच्या मधला, घासून काढलेला आवाज. दुसरा होता 'व्रीतान', डब्ल्यू आणि आर दोन्ही स्पष्ट म्हणून. कारागीर होता 'व्युर्ख्ता'. विधीचा 'रीतुस' तेव्हा लॅटिनमध्येच होता, तो इंग्रजीत आला चौदाव्या शतकात. पुढे उच्चार झिजत गेले आणि चौघे एका आवाजात येऊन मिसळले. स्पेलिंग मात्र झिजलं नाही. त्यामुळे डब्ल्यू-आरनं सुरू होणाऱ्या शब्दांमधला तो मुका डब्ल्यू शोभेचा नाही, तो कुळाची खूण आहे. कुळं मोजकी आहेत. ती ओळखता आली की स्पेलिंग घोकावं लागत नाही, आणि आपण नेमके कुठे फसतो तेही दिसतं. पुढे वेगळं सांगितलं नसेल तिथे शब्द डब्ल्यू-आरनं सुरू होतो असं धरून चला.

आधी तो डब्ल्यू मुका का झाला ते पाहू. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा आणि मराठी 'रेडा' म्हणा. ओठ जागेवर राहतात, काम जिभेचं टोक करतं. आता इंग्रज बोलतो तसं 'रेड' म्हणा. ओठ पुढे येतात, थोडे गोल होतात. इंग्रजी आर शब्दाच्या सुरुवातीला असा ओठ गोल करूनच निघतो. आणि डब्ल्यू तर सगळा ओठांचाच आवाज. आरला स्वतःचे ओठ मिळाल्यावर त्याच्या आधी वेगळे ओठ गोल करायचं कारण उरत नाही. डब्ल्यू आरमध्ये विरून जातो. मराठी माणसाला हे पटकन पटत नाही, कारण आपण व्रत, व्रण, व्रात्य हे शब्द सहज म्हणतो. पण आपला र जिभेचा आहे, ओठांचा नाही, म्हणून आपल्याकडे व आणि र एकमेकांच्या जागेवर हक्क सांगत नाहीत.

पंधराव्या शतकाच्या मध्यापासून डब्ल्यू गाळलेली स्पेलिंगं कागदांवर दिसू लागतात, आणि सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजीतून हा आवाज गेला. सगळीकडून मात्र नाही. स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या बोलीत 'राँग'ला 'व्रँग' म्हणतात. डच लोक आजही 'व्रिंगन' म्हणतात, पिळणं या अर्थी, आणि त्यात काहीही मुकं नाही. इंग्रजीत आवाज मरण्याच्या आधी छपाई आली. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, पुढच्या दीडदोनशे वर्षांत छापखान्यांनी स्पेलिंगं बऱ्यापैकी पक्की केली, आणि १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला तोवर ज्याला कोणी उच्चारत नव्हतं तो डब्ल्यू कायमचा मुक्कामाला राहिला होता.

जुन्या हस्तलिखितांत डब्ल्यूच नसतो, हे इथेच सांगून टाकतो. जुन्या इंग्रजीत या आवाजासाठी रून या जुन्या, कोरून लिहायच्या लिपीतून घेतलेलं 'विन' नावाचं अक्षर होतं, आणि ते दिसायला बरंचसं पीसारखं. हस्तलिखितं नव्यानं वाचणारा हमखास 'व्रीतान'च्या जागी 'प्रीतान' वाचतो. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतर त्यांच्या लेखनिकांनी त्या जागी दोन यू शेजारी शेजारी लिहिण्याची रीत रूढ केली. 'डबल यू' हे नाव तिथलं. सुरुवातीच्या छापखान्यांत डब्ल्यूचे खिळे कमी पडले की दोन व्ही जुळवून काम भागवत. या दोन व्हींकडे शेवटी परत यावं लागेल.

आता कुळं. सगळ्यात मोठं कुळ पीळ घालण्याचं.

रिंग म्हणजे ओले कपडे पिळणं. रिस्ट म्हणजे मनगट, फिरणारा सांधा. रीथ म्हणजे फुलांचं किंवा पानांचं वळून केलेलं कडं. राइद म्हणजे वेदनेनं अंग पिळवटणं, रिगल म्हणजे वळवळणं, रिंकल म्हणजे सुरकुती, रेसल म्हणजे कुस्ती खेळणं, राय म्हणजे वाकडं. हाडाला हिसका बसून मुरगळलं तर रेंच, आणि नट फिरवायचा पानाही रेंचच. हत्याराचा हा अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरचा आहे, क्रियापद त्याहून कितीतरी जुनं. यांतल्या बहुतेकांच्या मागे 'वेर्' असा एक फार जुना धातू धरतात, वळणं या अर्थाचा. लॅटिनमधलं 'व्हेर्तेरे' त्याचंच, ज्यातून रिव्हर्स आणि कन्व्हर्ट आले. आणि आपला वृत् धातूही त्याचाच, ज्यातून वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन झाले. म्हणजे मराठी माणसानं रिस्टचं स्पेलिंग लिहिताना मनात 'वर्तुळ' आणलं तरी डब्ल्यू विसरणार नाही. वर्तुळातला व अजून बोलतो.

या कुळात जुने, आता अडगळीत पडलेले शब्द पुष्कळ आहेत. 'रिक' म्हणजे मान किंवा पाठ लचकणं. हा इंग्लंडमध्ये अजून ऐकू येतो, पण आता बरेच जण डब्ल्यूशिवायच लिहितात. 'रिदल्ड' म्हणजे सुकून सुरकुतलेला. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या नाटकात एका काटकुळ्या सरदाराला 'रिदल्ड श्रिंप' म्हटलंय, वाळकी कोळंबी. 'रिदन' म्हणजे पीळ घातलेला. चांदीच्या जुन्या चमच्यांच्या दांड्यांवर पीळदार बोंड असतं, त्याला जुन्या वस्तूंचे व्यापारी हाच शब्द वापरतात, फक्त आयच्या जागी वाय लिहितात. 'राय-नेक' हा सुतार पक्ष्याच्या नात्यातला पक्षी घरट्यात कोणी हात घातला की मान सापासारखी फिरवतो. हिवाळ्यात तो भारतातही येतो. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'टॉर्क्विला' हेही लॅटिनमध्ये पीळ घालण्यावरूनच आलेलं. मान आखडून एका बाजूला वळली तर डॉक्टरही त्या दुखण्याला राय-नेक म्हणतात.

'रेस्ट' हा शब्द जरा थांबून बघण्यासारखा. विश्रांतीचा नव्हे, हिसकावून, मुरगळून घेणं या अर्थाचा, डब्ल्यूवाला. वीणावर्गातल्या हार्पच्या खुंट्या पिळायच्या किल्लीला हेच नाव होतं, आणि पियानो दुरुस्त करणारे आजही 'रेस्ट पिन' आणि 'रेस्ट प्लँक' म्हणतात. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात. प्रत्येक तारेचं एक टोक पोलादी खुंटीला गुंडाळलेलं असतं, आणि या सगळ्या खुंट्या एका जाड, थरांच्या लाकडी फळीत ठोकून बसवलेल्या असतात. सूर लावणारा खुंटी किंचित पिळतो आणि ती फळी आपल्या घट्टपणानं तिला तिथेच धरून ठेवते. फळी सुकून तडकली की खुंटी सैल पडते, तार कितीही चढवा, थोड्याच वेळात उतरते. मग जरा जाड खुंटी बसवतात किंवा फळीच बदलतात. विश्रांतीच्या रेस्टशी या खुंटीचा काही संबंध नाही, हे फळीवरच्या ताणाकडे पाहिलं तरी कळावं.

आणि आता 'राँग'. त्याचा मूळ अर्थ चुकीचं नव्हे, वाकडं. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, डेन्मार्कहून आलेल्या डेन लोकांच्या वस्तीतून तो इंग्रजीत आला. डॅनिशमध्ये 'व्रांग' अजून आहे. उलट बाजूला डब्ल्यूशिवायचा 'राइट' म्हणजे मूळचा सरळ. नीती आणि न्यायाची भाषा रेषेवरून उचललेली. फ्रेंचांनीही तेच केलं: चूक या अर्थाचा त्यांचा 'टोर' लॅटिनमधल्या 'पिळलेलं' या शब्दावरून, आणि वकिलांच्या तोंडी असलेला 'टॉर्ट', म्हणजे दिवाणी अपकृत्य, हा तोच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. वाकडं पाऊल, वाकडी वाट, वाकड्यात शिरणं, आणि त्याविरुद्ध सरळमार्गी माणूस, हे आपण रोज बोलतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात पापाला 'वृजिन' म्हटलंय, त्याचाही मुळातला अर्थ वाकडं. आणि त्यामागचा वृज् धातू रेंचच्या कुळाशी जोडतात. स्कॉटिश कायद्यात 'राँगस' असं विशेषणही होतं: कारण नसताना कैदेत डांबू नये म्हणून तिथल्या संसदेनं १७०१ मध्ये जो कायदा केला त्याच्या नावातच 'राँगस इम्प्रिझनमेंट' आहे. रेंचचा जुना अर्थ तर कपट असाच होता. त्याचा जर्मन भाऊ 'रेंके' हा शब्द आज कारस्थानं या अर्थानंच उरला आहे.

राग हाही पिळाचाच. 'रॉथ' किंवा अमेरिकेत 'रॅथ' म्हणजे क्रोध. विशेषण 'रोथ' आता पोथ्यांतच सापडतं. मनाला पीळ पडलेला तो रोथ.

'रँगल' म्हणजे वाद घालणं, हुज्जत घालणं. हा सखल जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेतून आला, पिळण्याच्या क्रियापदावरूनच, पुन्हापुन्हा पिळणं या अर्थी. केंब्रिजमध्ये पूर्वी पदवीसाठी लॅटिनमध्ये तोंडी वाद घालावे लागत. त्यांत जे वरचढ ठरत ते रँग्लर. पुढे लेखी परीक्षा आल्या, वाद गेले, पण गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या पदवीच्या परीक्षेत, पहिला वर्ग मिळवणाऱ्याला रँग्लर म्हणायची चाल राहिली, आणि सगळ्यांत पहिला आला तो सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले; तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. मराठीनं 'रँग्लर' ही त्यांची पदवीच करून टाकली. बघा, आपण देवनागरीत लिहिताना डब्ल्यू घेतलाच नाही. कानानं लिहिणाऱ्या लिपीनं ते काम एका फटक्यात केलं, जे इंग्रजीला पाचशे वर्षांत जमलेलं नाही. क्रमवारीत अगदी शेवटी उत्तीर्ण होणाऱ्याला मित्र लाकडी चमचा देत. १९०९ नंतर क्रमवारी जाहीर करणं बंद झालं आणि चमचाही गेला. घोडे सांभाळणारा अमेरिकन रँग्लर मात्र या भांडकुदळ घरातला नाही. तो मेक्सिकोतल्या स्पॅनिश 'काबायेरांगो' या शब्दाचं तोंड वळवून केलेला आहे, आणि त्याला हा डब्ल्यू दत्तक मिळाला.

दुसरं कुळ कामाचं. डब्ल्यू-ओ-आर-के 'वर्क'. जुन्या इंग्रजीत याच्या भूतकाळात 'वोर्ख्त' असं रूप होतं. त्यातले स्वर आणि र यांची अदलाबदल झाली आणि 'व्रोख्त' झालं. नुकसानचं नुस्कान होतं तसंच. (इंग्रजीत बर्ड आधी 'ब्रिड' होता आणि थर्ड 'थ्रिड'.) त्या 'व्रोख्त'चं आजचं रूप 'रॉट', स्पेलिंगात जी-एच-टी धरून. 'रॉट आयर्न' म्हणजे घडीव लोखंड, घणाखाली काम केलेलं, बिडासारखं साच्यात ओतलेलं नव्हे. २४ मे १८४४ रोजी मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनं जो पहिला जाहीर संदेश पाठवला, त्या बायबलमधल्या चार शब्दांतही शेवटचा शब्द हाच 'रॉट' आहे: देवानं काय घडवलं.

काम करणारा तो 'व्युर्ख्ता', तशीच अदलाबदल होऊन 'राइट'. व्हीलराइट म्हणजे चाकं करणारा सुतार, शिपराइट म्हणजे जहाजं बांधणारा. कार्टराइट गाड्या करणारा, वेनराइटही गाड्याच करणारा, आर्कराइट म्हणजे पेट्या-संदुका करणारा. हे सगळे आज आडनावांत आहेत. १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेणारा रिचर्ड आर्कराइट आणि १९०३ मध्ये विमान उडवणारे राइट बंधू याच पंगतीतले. मराठीत कुंभार, सोनार, लोहार यांच्या शेवटी 'कार' दडलेला आहे, तेच काम इंग्रजीत हा राइट करतो. म्हणून 'प्लेराइट' म्हणजे शब्दशः नाटक-कार. नाटक लिहिणारा म्हणून तिथे डब्ल्यू-आर-आय-टी-ई लिहिणारे चांगले शिकलेले लोक भेटतात. सोपी परीक्षा अशी: मराठीत 'कार' लावता आला आणि आधीचा शब्द वस्तूचा असला तर जी-एच-टी. जाहिरातीचा मजकूर लिहितो तो कॉपीरायटर, तिथे लिहिणंच आहे, म्हणून टी-ई-आर. कॉपीराइट हा हक्क आहे, सरळ-बरोबरवाला राइट, म्हणून त्यात डब्ल्यूच नाही. तीन शब्द, तीन कुळं, एक उच्चार.

तिसरं कुळ हाकलण्याचं. 'रीक' म्हणजे आधी हाकलणं, मग सूड उगवणं, आणि आता फक्त हाहाकार माजवणं. लाटांनी किनाऱ्यावर हाकलून आणलेलं जहाज किंवा त्याचे अवशेष म्हणजे 'रेक'. किनाऱ्यावर येऊन पडलेलं समुद्रशेवाळ म्हणजे 'रॅक'. आणि देशाबाहेर हाकललेला माणूस 'रेच'. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ नुसता निर्वासित. इंग्रजांना त्याची कीव आली, तिरस्कारही आला, आणि आज रेच म्हणजे केविलवाणा किंवा नीच माणूस. जर्मनांनी त्याच माणसाकडे पाहिलं आणि त्यांना परमुलखात पराक्रम गाजवणारा दिसला: जर्मन 'रेके' म्हणजे वीरपुरुष. एका शब्दाची दोन घरांत अशी टोकाची वाटणी फार कमी वेळा होते.

'राइट', लिहिणं, या तिन्हींत बसत नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. रून अक्षरं लाकडावर आणि दगडावर कोरत, तेव्हाचा तो आहे. जर्मन घराण्यातल्या बहुतेक भाषांनी लिहिण्यासाठी लॅटिन शब्द उचलला, जर्मन 'श्रायबन' आणि डच 'स्ख्रेव्हन' हे त्यातले; इंग्रजीनं घरचाच ठेवला. तसाच आणखी एक सुटा जुना शब्द 'बिरे', मध्ये डब्ल्यू-आर असलेला, म्हणजे नकळत उघडं पाडणं. १६११ च्या बायबलमध्ये येशूचा शिष्य पीटर याला लोक म्हणतात की तुझी बोलीच तुला 'बिरे' करते. गॅलिलीचा हेल लपत नव्हता. याला 'बिट्रे'ची छपाईतली चूक समजून आधुनिक आवृत्त्यांत दुरुस्त करणारे भेटतात. दोघांचं नातं काहीच नाही. बिट्रे लॅटिनमधून आलेला.

काही शब्दांचा डब्ल्यू हरवलाही. डुकरानं मुसकटानं जमीन उकरणं, त्याला जुन्या इंग्रजीत 'व्रोतान' म्हणत. आज ते 'रूट' आहे, डब्ल्यूशिवाय, कारण झाडाच्या मुळाच्या रूटशी लोकांनी त्याची गल्लत केली. गंमत अशी की मुळाच्या रूटलाही एके काळी व होता. पण तो नॉर्समधून आला, आणि नॉर्समध्ये ओसारख्या गोल स्वरापुढे हा व आधीच गळून गेला होता. उलट काही शब्दांत डब्ल्यू होता असं वाटतं, आणि तिथे होता एच. बोटातली 'रिंग' जुन्या इंग्रजीत 'ह्रिंग', शिडीचा 'रंग' म्हणजे पायरी 'ह्रुंग', ओकारीचे उमाळे येणं तो 'रेच' एच-आरवाला. हा एच फार लवकर, छपाईच्या खूप आधी गेला, म्हणून स्पेलिंगात त्याची खूण राहिली नाही. डब्ल्यू उशिरा गेला म्हणून राहिली. फरक एवढाच.

डब्ल्यूनंतर एल येणाऱ्या शब्दांचं काय झालं? ते आता कुणाला माहीतच नाहीत. 'व्लॅटसम' म्हणजे किळसवाणा. चौदाव्या शतकाच्या अखेरीला कवी चॉसरनं खुनाला हे विशेषण लावलंय. 'व्लोंक' म्हणजे डौलदार, भारी. 'व्लॅक' म्हणजे कोमट. 'व्लिस्प' म्हणजे बोबडं बोलणारा, यातलाच 'लिस्प' डब्ल्यू टाकून जगला. 'व्लॅफ' म्हणजे अडखळत, तोतरं बोलणं. जॉन ट्रेव्हिसानं एक लॅटिन इतिहासग्रंथ इंग्रजीत आणला, काम संपलं १३८७ मध्ये. त्यात डेन आणि नॉर्मन लोकांशी मिसळून इंग्रजी कशी बिघडली याची तक्रार आहे, आणि लोक 'व्लॅफिंग, चिटरिंग' आणि दात खाणं यांसारखे आवाज काढतात असं म्हटलंय. भाषा बिघडली ही ओरड निदान तेवढी जुनी आहे. तिच्यातला पहिला शब्दच आज मेलेला आहे, ही तक्रारदाराला मिळालेली शिक्षा म्हणायची.

एफ-एननं सुरू होणारी जोडीही अशीच गेली. शिंकणं हे 'फ्नेओसान' होतं, मग 'फ्नीझ'. त्या काळच्या लिखाणात लांब एस (एसचं जुनं, उंच रूप) आणि एफ जवळजवळ सारखे दिसत, शिवाय एफ-एन ही जोडी इतर कुठे उरली नव्हती. दोन्ही मिळून फ्नीझचं 'स्नीझ' झालं. शिंकेच्या आवाजाला स्नच जास्त शोभतो, तेही कारण असेल.

के-एनची जोडी मात्र लिहिण्यात टिकली. बोलण्यातून ती गेली सतराव्या शतकाच्या अखेरीला. तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल. एवढंच पाहा की 'नो' म्हणजे जाणणं यातला मुका के आणि आपल्या ज्ञानातला ज एकाच मुळाचे आहेत, आणि 'नी' म्हणजे गुडघा यातला के आजानुबाहूमधल्या जानुचा. मूळचा ग जर्मन घराण्यात क झाला, हा नियम जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला. लेथवर काम करणारे हत्याराच्या मुठीवर जी खरखरीत नक्षी पाडतात ते 'नर्लिंग', त्याच्या सुरुवातीलाही के आहे.

आता रोजच्या चुकांकडे. या चुका संगणकाचा स्पेलिंग तपासनीस पकडत नाही, कारण चुकीचा शब्दही कोशात असतोच. 'रीक'चा भूतकाळ रीक्ट होतो, रॉट नव्हे. रॉट कामाच्या कुळातला. हाहाकार माजवला तिथे 'रेक' लिहिणारे वर्तमानपत्रांतही आहेत. भान हरपून ऐकणं यातला 'रॅप्ट' आरनं सुरू होतो, लॅटिनमधल्या 'हिसकावलेला'वरून. त्यात गुंडाळण्याचा डब्ल्यू घालू नये. नसा ताणणारा अनुभव, 'नर्व्ह-रॅकिंग', यातला रॅक म्हणजे माणसाचे हातपाय ताणायचं छळयंत्र. तिथे डब्ल्यू नको, जरी डब्ल्यूवालं रूप कोशांनी आता वापरात असलेलं म्हणून नोंदलंय. सर्वनाश होणं यातल्या रॅकला मात्र डब्ल्यू चालतो, कारण तो फुटलेल्या जहाजाचा. आणि रोज लागणारा, डब्ल्यू-आर-यूनं सुरू होणारा शब्द एकच, पिळलेला 'रंग'. दुसरा लिहिला गेलाच तर थांबून तपासा.

कोशात शोधताना र ऐकू आला आणि आरखाली शब्द मिळाला नाही, तर डब्ल्यू-आरखाली पाहा. मग ग्रीक शब्दांचा आर-एच पाहा. न ऐकू आला तर एन, के-एन, जी-एन, पी-एन या क्रमानं. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये शोधायचं असेल तर डब्ल्यूऐवजी दोन व्ही टाकूनही शोध घ्या, कारण यंत्र ते दोन व्हीच वाचतं. आणि एसच्या जागी एफ घालूनही, लांब एसमुळे. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून हप्त्याहप्त्यानं निघाला. एक्स, वाय, झेड १९२१ मध्येच उरकले होते, आणि १९२८ मध्ये निघालेला अगदी शेवटचा हप्ता डब्ल्यूचा उरलेला भाग होता, म्हणजे हे सगळे शब्द त्यात. त्यातली नोंद उघडली की अर्थाकडे जाण्याआधी व्युत्पत्तीचा परिच्छेद वाचा. पिळणं, काम किंवा हाकलणं यांपैकी एक दिसलं की घर सापडलं. मूळ अज्ञात असं दिसलं, जसं 'रेन' हा चिमुकला पक्षी आणि गुंडाळण्याचा 'रॅप', तर त्या दोघांचं स्पेलिंग मात्र पाठच करावं लागेल.